डुकरं कोणाची होती

कोणतीही वस्तू हातात आली की मामाजी ती आधी नाकाशी न्यायचे, मग डोळ्यांसमोर धरायचे. भाजीची जुडी असो, नवा दोर असो, नाहीतर पाहुण्यानं दिलेला पेढा असो. हुंगून झालं की निकाल लागायचा, आणि निकाल दोनच होते. "चालते जी," किंवा "बास येते." दुसरा निकाल लागला की वस्तू परत, मग ती कोणी का दिलेली असेना.

माणसांनाही हाच कायदा. मी रिसॉर्टवर नोकरीला लागले त्या दिवशी सेंट लावून, इस्त्रीचा ड्रेस घालून गेले होते. मामाजी फाटकाशी उभे होते. त्यांनी हात जोडले, नाक वर केलं आणि दोन पावलं मागे सरकले. "बाई, हा बास घेऊन त्या झाडाखालून जाऊ नोका. वर आग्या मोहोळ हाय." पहिल्याच दिवशी एका माळ्यानं असं बोलावं याचा मला राग आला. तिसऱ्या दिवशी रायपूरच्या एका पाहुणीच्या मागे माशा लागल्या आणि तिला ओल्या चादरीत गुंडाळून खोलीत न्यावं लागलं. त्यानंतर माझी सेंटची बाटली घरीच राहिली.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. पगारपत्रकात सगळ्यात शेवटी नाव, आणि ज्याच्यावाचून काही चालत नाही. आमच्याकडे ते मामाजी होते. वय साठीच्या पुढे, अंगानं काटकुळे, पायात कधी चप्पल नाही. जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या वस्तीत त्यांचं घर, आणि घरामागे धानाच्या तीन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तेंदूपत्ता तोडणं, रोपवनातली मजुरी, आगीच्या दिवसांत जाळरेषा काढणं, हे सगळं त्यांनी केलं होतं. पण त्यांचा खरा धंदा विचारला तर ते सांगायचे, "डुकरं हाकलली जी. जनमभर."

धान निसवलं की रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरतात. ती खातात थोडं आणि लोळतात जास्त. सकाळी बांधी पाहिली तर कोणी रांगोळी पायानं पुसून टाकावी तशी दिसते. त्यासाठी मामाजींनी चाळीस वर्षं मचाणावर बसून डबे वाजवले होते. डुकरांचा ते मनापासून तिरस्कार करायचे, आणि त्या तिरस्कारात मान होता. "डुकराले भेव असते," ते म्हणायचे. "मानसाचा बास आला का जाते. तो भेव हाय म्हणून आपन अन् तो, दोघं बी जगून रायलो."

रिसॉर्ट गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मालक गोंदियाचे. आम्ही त्यांना सेठ म्हणायचो. खोल्यांना झाडांची नावं होती आणि त्या खोल्या बांधताना तीच झाडं तोडलेली होती. पाहुणे नागपूर-रायपूरकडून यायचे, पहाटे जंगलात जायचे, दुपारी तोंड पाडून परत यायचे. वाघ दिसला नाही, अस्वल दिसलं नाही, काहीच दिसलं नाही. मग तो राग जेवणावर निघायचा. पनीर कडक आहे, पाणी गार नाही. मी काउंटरवर बसून सगळं ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी नक्की दिसेल म्हणायची. माझी नोकरी ती तेवढीच.

सेठना यावर उपाय सापडला तो एका हिवाळ्यात. शेजारच्या गावात एका शेतात तारेला लावलेल्या करंटनं एक डुकरीण मेली होती. तिची चार पिल्लं दोघा माणसांनी पोत्यात भरून फाटकावर आणली. सेठ त्या दिवशी आलेले होते. पोतं उघडलं. आत मांजराएवढे चार जीव, अंगावर पिवळे पट्टे, एकमेकांच्या खाली तोंड खुपसून थरथरत होते.

मामाजींनी पोत्यात पाहिलं आणि सेठना सांगितलं की ही जंगलाची वस्तू आहे, फॉरेस्टवाल्यांना फोन करा. सेठ हसले. "मामाजी, हम तो इनको बचा रहे हैं. बड़े होंगे तो जंगल को लौटा देंगे."

असं सगळं सुरू झालं. रिसॉर्टच्या मागे सेठची दोनेक एकर पडीक जागा होती. पळसाची आणि मोहाची झाडं, मध्ये एक डबकं. तिला जाळीचं कुंपण पडलं. पुढे एक रंगीत फलक लागला. अनाथ रानडुकरांचं संगोपन आणि जंगलात पुनर्वसन, असा त्याचा मजकूर. तो मजकूर मीच लिहिला होता. तेव्हा तो मला खराही वाटला होता, हे सांगायला हवं. परवानगीबिरवानगी काढली का, हे मी विचारलं नाही. सेठनी काढली असेल असं मी धरून चालले, कारण तसं धरणं सोयीचं होतं.

पिल्लांना वाढवायचं काम मामाजींकडे आलं. ज्यानं जन्मभर डुकरांना ढेकळं मारली त्याच्या हातात दुधाची बाटली. बकरीचं दूध पाजताना ते तोंड दुसरीकडे फिरवून बसायचे, जणू हे काम आपलं कोणी पाहू नये. सेठनी त्यांना एक हिरवा टी-शर्ट दिला होता, छातीवर वाघाचं तोंड आणि खाली इंग्रजी अक्षरं. तो त्यांनी एकदाही घातला नाही. थंडी वाढली तसा तो मला पिल्लांच्या खालच्या पाल्यावर अंथरलेला दिसला. वाघाच्या तोंडावर चार डुकरं झोपली होती. मी हसले, तर म्हणाले, "काऊन हसता? वाघाचा एवढाच उपेग हाय इथं."

त्यातलं एक पिल्लू आठव्या दिवशी मेलं. मामाजींनी ते कुंपणाबाहेर, जंगलाच्या बाजूला पुरलं आणि त्या दुपारी जेवले नाहीत. पोट बरं नाही, म्हणाले.

उरलेली तिघं, एक नर आणि दोन माद्या, मोठी होऊ लागली तसं मामाजींनी त्यांना शिकवायला घेतलं. ते जंगलातून कंद उकरून आणायचे आणि कुंपणात पुन्हा पुरायचे, म्हणजे पिल्लांनी स्वतः उकरावं. मोहाची फुलं पसरून टाकायचे. आणि दिवसातून दोनदा, कोणी पाहत नाही असं बघून, पिल्लांना ढेकळं मारायचे. नेम धरून, पण लागणार नाही अशी. वर आरोळ्या. मी विचारलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, "शाळा हाय ही. मानूस दिसला का पळाला पायजे. हे नाई शिकला तं जंगलात सोडून का उपेग?"

ही शाळा महिनाभर चालली. मग नागपूरच्या एका बाईंनी खिडकीतून ढेकूळ मारताना पाहिलं, आणि इंटरनेटवर आमच्या नावाखाली लिहिलं की इथले नोकर मुक्या प्राण्यांना दगड मारतात. सेठचा फोन आला. मी मामाजींना बोलावून सांगितलं की ढेकळं बंद. त्यांनी विचारलं, "मंग यांले भेव कोन शिकवन?" मी म्हटलं, सेठचा हुकूम आहे. ते बाजूला वळून थुंकले.



रोज संध्याकाळी पाच वाजता कुंपणाशी थाळी वाजवायची, असं ठरलं. थाळी वाजली की डुकरं धावत येणार, पाहुणे फोटो काढणार. सुरुवातीला मका आणि कोंडा असायचा. मग स्वयंपाकघरातलं उरलेलं जाऊ लागलं. मग पाहुणेच ताटं घेऊन येऊ लागले. अर्धे चावलेले कबाब, बटर लागलेल्या रोट्या, वेफर्सची पाकिटं, कधी पाकिटासकट. डुकरं आता जाळीला तोंड लावून उभी राहायची, पुढचे पाय दुमडून, लाळ गाळत. एका वाढदिवसाला पाहुण्यांनी केकचा तुकडा नराच्या थोबाडावर दाबला. डोळ्यांत, नाकपुड्यांत गुलाबी क्रीम. तो जीभ फिरवत होता आणि माणसं हसून हसून खाली बसत होती. दुसऱ्या एका टोळक्यानं बादलीत बिअर ओतली. ती पिऊन एक मादी डबक्याच्या काठावर आडवी पडली, तिनं पडल्या पडल्या हगलं, आणि तिच्याबरोबर सेल्फी काढायला तिघं जण आत उतरले. फोटो काढणाऱ्याला मी म्हटलं, "सर, जरा सांभाळून." एवढंच. वर हसलेसुद्धा.

वर्षभरात ती जनावरं ओळखू येईनाशी झाली. पोटं जमिनीला टेकलेली, पाठीवरचे केस झडून तिथे खरूज. डबक्याचं पाणी हिरवं-काळं, वर तेलाचा तवंग. जेवणाच्या हॉलपर्यंत घाण यायची. सेठनी त्यावर फिनेल मारायला सांगितलं. चिखलावर, थेट. डुकरं त्या चिखलात लोळली आणि त्यांच्या खरजेवर फिनेल लागलं. तो ओरडा मी काउंटरवर बसून ऐकला आणि गाण्याचा आवाज वाढवला.

मामाजी त्या दिवशी तेलाची वाटी घेऊन आत गेले. दोन तास ते एकेका डुकराच्या पाठीला करंजाचं तेल लावत होते. बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत घाणीनं माखलेले. नळाखाली हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले, पुन्हा हुंगले. "याचा जंगलाचा बास गेला जी," ते म्हणाले. "आता याले हॉटेलाचा बास येते. हा डुकर नाई रायला. अन् घरचा बी नाई झाला."

मी म्हटलं, मामाजी, तुम्ही हे काम सोडत का नाही? त्यांनी साधं उत्तर दिलं. मी सोडलं तर तेल कोण लावेल?

मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी दुपारी एक पाहुणा फोटोसाठी जाळीवरून आत उतरला. हातात खायला काही नव्हतं. नर दोनदा त्याच्या हाताला नाक लावून गेला, तिसऱ्यांदा त्यानं सुळा मारला. मांडी हातभर फाटली. माणूस वाचला, पण त्याच्या मित्रानं काढलेला व्हिडिओ सोमवारी सकाळपर्यंत सगळीकडे पोचला. दुपारी फॉरेस्टचे लोक येणार असा निरोप आला.

सेठ त्याच्या आधी पोचले. पहिल्यांदा फलक काढला. मग पिकअप मागवली. डुकरांना भरायचं आणि जंगलाच्या कडेला सोडून यायचं, असा बेत. "छोड़ना तो था ही," ते म्हणाले. जागा त्यांनी ठरवली होती, मामाजींच्या गावाच्या अलीकडची बोडी, म्हणजे लहान तळं. तिकडे दिवसा कोणी नसतं, आणि मामाजींना रस्ता ठाऊक.

मामाजी कुंपणाच्या दारासमोर जाऊन बसले. मांडी घालून, दाराला पाठ लावून. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. सेठ आधी हसले, मग ओरडले, मग मला म्हणाले, समजाव याला. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाई," मामाजी म्हणाले, "हे जंगलात जानार नाईत. भूक लागली का मानसाकडे येतेत. आमच्या गावात आंगनात लेकरं जेवतेत. हे सरळ ताटात तोंड घालतीन, अन् लेकरू आडवं आलं तं लेकराले फाडतीन. त्यायले येऊ द्या फारेस्टवाल्यायले. मी सांगतो, मी चारलं."

मी चारलं. हे दोन शब्द सेठनी ऐकले. त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी पिकअप परत पाठवली आणि मला ऑफिसात बोलावलं. मामाजी स्वतःच कबूल करतायत तर तेच लेखी घेऊन ठेव, म्हणाले. त्यांनी पाळली, त्यांनी ठेवली, रिसॉर्टला माहीत नव्हतं. "तुम्हारी मराठी अच्छी है, मॅडम."

माझी मराठी चांगली आहे. आमगावात आमच्या वस्तीच्या विहारात मी लहान मुलींना शुद्धलेखन शिकवायची. माझ्या आजोबांनी न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे उठवले होते आणि त्यात त्यांचं काय काय गेलं, ते आमच्या घरात दर वर्षी कोणीतरी सांगतं. आपल्या घरात लिहिणं वारशानं आलेलं नाही, कमावलेलं आहे, असं बाबा म्हणायचे. त्या कमावलेल्या मराठीत मी लिहिलं: 'सदर वन्यप्राणी मी स्वेच्छेने, मालकांच्या परोक्ष व त्यांच्या संमतीशिवाय बाळगले.' लोक अशा ठिकाणी 'अपरोक्ष' लिहितात आणि ते चूक असतं. मी 'परोक्ष' लिहिलं. अख्ख्या कागदावर शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

धमकी मला कोणी दिली नाही. सेठ मोबाइलवर बोलत बाहेर उभे होते. नोकरी जाईल अशी भीती होती, पण त्या क्षणी तीही फार नव्हती. कोणीतरी काम सांगितलं आणि ते मला नीट जमत होतं, एवढंच. आजही मला सगळ्यात जास्त शिसारी येते ती याची.

मामाजी ऑफिसात आले, हात पुसून. त्यांना सही करता यायची, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली. मी कागद वाचून दाखवला, भरभर. त्यांनी मान खाली घालून ऐकला. मग विचारलं, "बाई, मी म्हनलो तेच हाय ना यात?"

"हो मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. एकेक अक्षर काढत, शेवटी रेघ ओढून. कागद हलू नये म्हणून मी दुसऱ्या बाजूनं तो धरून ठेवला होता. ते नाव मी या लिखाणात कुठेही लिहिलेलं नाही. ते एकदा माझ्या हातून जिथे लिहिलं गेलं, तेवढं पुरे.

फॉरेस्टचे साहेब आले. चांगला माणूस वाटला. त्यांनी कागद वाचला आणि मामाजींना दोनदा विचारलं की मालकाला खरंच माहीत नव्हतं का. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "कागदात हाय ते खरं." साहेबांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, मी फक्त काउंटर सांभाळते. डुकरं पिंजऱ्यात घालून गाडीत चढवली. ती पिंजऱ्यातूनही लोकांच्या हातांकडे तोंड करत होती. ही आता जंगलात सोडण्यासारखी राहिलेली नाहीत, असं साहेब म्हणाले, आणि मामाजींनी मान हलवली. त्याच गाडीत पुढे बसून मामाजी गेले. त्या दिवशी शेजारच्या गावातल्या कोणीतरी जामीन दिला आणि ते घरी पोचले. नोकरी अर्थातच गेली. वर कोर्टाच्या तारखा लागल्या.

कुंपणाच्या जागेवर सेठनी फरशी घातली आणि तिथे पाहुण्यांना नाचायला कारंजी बसवली. मी आणखी आठ महिने त्याच काउंटरवर बसले. पुढच्या वेळी नक्की दिसेल, म्हणत.

मामाजी मला पुन्हा भेटले ते गोरेगावच्या आठवडी बाजारात. तारीख आटोपून ते एसटीची वाट पाहत होते. मला टाळून जाता आलं असतं. त्यांनीच हाक मारली. त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, मग पुड्यातले मुरमुरे पुढे केले. अंगानं ते निम्मे झाले होते. बोलता बोलता म्हणाले की आजकाल तंबाखू इथूनच नेतो, गावात कोणी चिमूटभर देत नाही. मला वाटलं थट्टा आहे, म्हणून मी हसले. आणि मग घाई केल्यासारखी म्हणाले, "मामाजी, त्या कागदात..."

"मालूम हाय जी," ते म्हणाले. "वकिलानं वाचून दाखवला. हळूहळू वाचला त्यानं." त्यांनी मुरमुऱ्यांचा पुडा गुंडाळून खिशात ठेवला. "चांगला लिवला तुमी. आयकून मले बी वाटलं, मीच केलं असन."

यात टोमणा होता की नव्हता, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. बस आली. ते चढले आणि त्यांनी खिडकीतून मला हात केला, जसा कोणत्याही ओळखीच्या माणसाला करतात.

त्या महिन्याच्या शेवटी मी नोकरी सोडली. मामाजींच्या वकिलाला शोधून काढलं आणि सांगितलं की मी खरं काय ते कोर्टात सांगते. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, पुढच्या तारखेला या म्हणाले. पुढच्या तारखेला मी गेले तर वकील एकटेच उभे होते. मामाजी आठ दिवसांपूर्वी वारले होते. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. आरोपीच गेला तेव्हा खटला संपल्यात जमा आहे, तुमच्या जबाबाची आता गरज नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. वाईट माणूस नव्हता. त्याला पुढचं प्रकरण होतं.

मी मामाजींच्या गावाला गेले. त्यांच्या बायको, मामी, अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी खाट टाकली, कोरा चहा दिला, समोर खाली बसल्या. मग त्यांनीच विचारलं.

"एक सांगा बाई. त्यायनं खरंच डुकरं पाळली होती का?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्या सांगू लागल्या तसं कळलं. कागदाची गोष्ट गावात पोचली होती. चाळीस वर्षं लोकांबरोबर मचाणावर बसणारा हा माणूस तिकडे हॉटेलात डुकरं पोसत होता, त्यानं स्वतः लिहून दिलंय, सही केलीय. त्या सालात धानाचं नुकसान जास्त झालं, तेव्हा लोक म्हणाले, ही त्याचीच सोडलेली असतील. कोणी शिवी दिली नाही. नुसतं बोलणं बंद झालं. पंगतीत बोलावणं बंद झालं. मामाजी घरात एवढंच म्हणायचे की मी चारलं, पाळलं नाही. पण सही तर त्यांचीच होती. शेवटी शेवटी मामींनाही कळेना की खरं काय.

"नाही मामी," मी म्हटलं. "सेठनं पाळली. ते नको म्हणत होते. कागद मी लिहिला, खोटा. त्यांना खोटं सांगून सही घेतली."

मामींनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं त्या मारतील, आणि त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या. पदर खोचला.

"मले काऊन सांगता? मी त्यायची बायको हावो. मले सांगून का होते? गावाले सांगा."

आणि त्या चालू लागल्या. मी मागे. वस्तीच्या मधोमध एका चिंचेखाली ओटा आहे. दुपार उतरली होती, दहा-पंधरा माणसं बसली होती. मामींनी त्यांना सांगितलं की ही हॉटेलातली बाई आहे, हिचं ऐका, आणि बाजूला उभ्या राहिल्या. वकिलासमोर मी सलग अर्धा तास बोलले होते. इथे मला एक धड वाक्य येईना. डुकरं त्यांची नव्हती, म्हटलं. मालकाची होती. कागद मी लिहिला. त्यांना माहीत नव्हतं त्यात काय आहे. ती डुकरं तुमच्या गावाजवळ सोडणार होते, त्यांनी सोडू दिली नाहीत. दारात बसले. पोरांना फाडतील म्हणाले.

एका म्हाताऱ्यानं तोंडावर टॉवेल धरला. एका बाईनं खेळणारं पोर उचलून कडेवर घेतलं आणि ती घरात निघून गेली. ओट्याच्या टोकाला बसलेल्या माणसानं, तो बहुतेक त्यांच्या बरोबरीचा असावा, मला विचारलं, "मंग तो जिता होता तवा काऊन नाई आल्या?"

मी मामींकडे पाहिलं. त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि मला बोलही लावला नाही. ओट्यावरच्या एकेका माणसाच्या तोंडाकडे त्या पाहत होत्या, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यातल्या कोणालाही वर पाहता येत नव्हतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"झालं. आता जा तुमी," त्या म्हणाल्या. "यानंतर बस नाई."